चेहऱ्याला गिऱ्हाईक असते, तलावाला नसते

नागपूरहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा शहर मागे टाकतो, कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडतो आणि धानाच्या बांध्यांतून पूर्वेकडे सरळ निघतो. विसेक किलोमीटरवर लाखनी लागते. साधारण तेवढेच पुढे गेले की साकोली. दोन्ही तालुक्याची गावे. बस थांबली तर प्रवासी चहा घेतात, नाहीतर खिडकीतून पाट्या वाचत पुढे जातात. या दोन गावांनी विसाव्या शतकातल्या भारतीय चित्रकलेला दोन माणसे दिली. साकोलीत १९१७ साली शंकर बळवंत पळशीकर जन्मले, तर लाखनीत १९२८ साली भाऊ समर्थ. एक मुंबईला गेला आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा अधिष्ठाता झाला. दुसरा नागपुरात राहिला, चित्रे काढत आणि चित्रांबद्दल लिहीत. भंडारा जिल्ह्यात राहून चित्रकार म्हणून दोघांपैकी कोणीच नावारूपाला आला नाही.

मला या शेवटच्या वाक्याने बरीच वर्षे छळले आहे. माणसाचा चेहरा आणि त्याच्या पायाखालची माती, या दोनच गोष्टी रंगवून एखाद्याला आयुष्य काढायचे असेल तर ते कशाच्या बळावर काढता येते? मुंबईत ते कसे जमले, कोल्हापुरात कसे जमले, आणि आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत का जमले नाही? हा आढावा त्या प्रश्नाचा आहे. चित्रकारांची नावे त्यात येतील, पण माझे लक्ष त्यांच्या पगारपत्रकाकडे जास्त आहे.

सुरुवात एका जुन्या भेदापासून केली पाहिजे. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, अभ्यासक्रमातही ते शेजारी बसतात, पण बाजारात त्यांची तऱ्हा निरनिराळी. व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक आधीपासून असते, कारण समोर बसलेला माणूसच ते विकत घेणार असतो. तो नसेल तर त्याचा मुलगा, त्याची संस्था, त्याची नगरपालिका. निसर्गचित्राचे तसे नाही. तलाव स्वतःचे चित्र विकत घेत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात गेन्सबरोने हेच भोगले. त्याचा जीव झाडांत आणि वाटांत होता, पण घर चालायचे ते उमरावांच्या आणि त्यांच्या बायकांच्या तसबिरींवर. तसबिरींचा त्याला कंटाळा होता आणि त्याच त्याला जगवत होत्या. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक वास्तववादी चित्रकाराच्या आयुष्यात हा पेच आहे.

आता गिऱ्हाईक कुठे होते ते पाहू. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी उभी राहिली. तोवर मुंबईत धनिक पारशी आणि गुजराती घराणी होती, उच्च न्यायालय होते, महापालिका होती. भिंतीवर लावायला पूर्णाकृती तैलचित्र हवे असणारी माणसे आणि तशा भिंती, दोन्ही तिथे होते. पेस्तनजी बोमनजी, ए. एक्स. त्रिंदाद, सावळाराम हळदणकर ही माणसे त्या शहरात घडली. शहराबाहेर संस्थाने होती. कोल्हापूर, बडोदे, औंध. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर स्वतः चित्रे काढत, आणि त्यांनी उभारलेले संग्रहालय आजही टेकडीवर आहे.

कोल्हापूरचे एक उदाहरण माझ्या मनात भंडाऱ्याच्या शेजारी कायमचे येऊन बसले आहे. आबालाल रहिमान मुंबईला शिकले आणि परत कोल्हापूरला आले. शाहू महाराजांचा आश्रय होता, म्हणून ते कोटितीर्थाच्या काठी राहून त्या पाण्याची, झाडांची, बदलत्या उजेडाची चित्रे काढत राहिले. रंकाळा तलावही त्यांनी असाच रंगवला. १९२२ साली महाराज गेले आणि आबालालांचे दिवस फिरले. १९३१ साली तेही गेले. पण तेवढ्या काळात एका तळ्याला चित्रकार मिळाला, कारण त्या चित्रकाराला भाकरी मिळत होती.

भंडारा जिल्ह्यात तळी किती? पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून जास्त मोजले जातात. सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतले किती तरी या जिल्ह्यात आणि १९९९ साली त्यातूनच वेगळ्या झालेल्या गोंदियात आहेत. यांखेरीज गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्या. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाणी कुठे अडेल हे ओळखून पाळी, म्हणजे तलावाचे बांध, बांधल्या. पाळीवर आंबा, जांभूळ, मोह. पाण्यात कमळे, शिंगाडे. यांतल्या एकाही तळ्याला आबालाल मिळाला नाही.

याचे कारण रसिकतेच्या अभावात शोधणे मला अन्यायाचे वाटते. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. ते राज्य खालसा झाले आणि पुढे तो मध्य प्रांतात इंग्रजांच्या थेट कारभाराखाली गेला. इथे दरबार नव्हता, दरबारी चित्रशाळा नव्हती, पाठीशी उभा राहणारा राजाही नव्हता. होते ते मालगुजार आणि जमीनदार. त्यांचा पैसा धानातून येई आणि धान पाण्यावर उभे असे, म्हणून जास्तीचा पैसा तलावाच्या पाळीत जाई. आपले नाव मागे राहावे ही इच्छा त्यांनाही असणारच. मुंबईच्या सेठजींनी ती तैलचित्रात पुरवली, इथे ती पाण्यात पुरवली गेली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा खर्च कितीतरी चांगला होता. चित्रकाराला मात्र त्यात जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर मालगुजारीही गेली, आणि जो एक वर्ग कदाचित पुढे गिऱ्हाईक झाला असता तोही उरला नाही.

चित्रकाराला हवे ते बाकी सगळे इथे भरभरून आहे, आणि याबद्दल मला जरा सावकाश बोलायचे आहे. जलरंगात काम करणाऱ्याने एकदा तरी इथे वर्षभर बसावे. आषाढात पऱ्हे उपटून रोवणी सुरू होते तेव्हा बांध्यांत पाणी उभे असते आणि प्रत्येक बांधीत आभाळाचा एक तुकडा पडलेला असतो. धुऱ्यांच्या बारीक रेषांनी ते तुकडे एकमेकांपासून वेगळे होतात. भाताचा कोवळा हिरवा रंग डबीतून जसाच्या तसा कधीच मिळत नाही. पिवळ्यात निळ्याचा नुसता भास मिसळावा लागतो आणि तोही कागद ओला असतानाच. अशा हवेत कागद वाळत नाही. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की रंग पसरतो आणि चित्र हातचे जाते. ज्याला ते थांबणे जमते त्याच्या चित्रात श्रावण येतो. मे महिन्यात याच्या नेमके उलटे. पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, ब्रशमधला रंग कागदाच्या मध्यापर्यंत पोचेपर्यंत कडा वाळलेली असते, आभाळाचा सलग थर देणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा पहाटे पाचला बसायचे आणि सातला उठायचे. फाल्गुनात पळस फुलतो तो दुरून भडक केशरी दिसतो, पण जवळ जाऊन पाहावे तर पाकळीवर मखमली करडी लव असते आणि देठ जवळजवळ काळे. नुसता केशरी लावला की पळस खोटा होतो.

तैलरंगाचे तर इथे घरचेच नाते आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येते. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होत त्याचा पापुद्रा बनतो, म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीचे चेहरे आज टिकून आहेत. जवस भंडाऱ्याच्या शेतात उगवते. उभे धान कापणीला येण्याआधीच, बांधीतली ओल असेतोवर, त्यात लाखोरी आणि जवस फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. धान कापून नेले की मागे निळ्या फुलांचे पीक उभे राहते. चित्रकाराचे तेल यंत्रात गाळून, शुद्ध करून, बाटलीत बंद होऊन दुकानात येते हे खरे. तरीही त्या निळ्या फुलांकडे पाहताना मला नेहमी वाटते, रेम्ब्रांटच्या म्हाताऱ्यांच्या गालावरचा उजेड ज्या तेलात धरून ठेवला आहे, ते या बांधीत उगवते.

असा मुलूख सोडून पळशीकर मुंबईला गेले. त्यांच्या कारकिर्दीकडे मी मुद्दाम आर्थिक नजरेने पाहतो, कारण त्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. त्यांनी जे. जे.त शिक्षण घेतले, तिथेच शिकवले आणि अधिष्ठातापदापर्यंत पोचले. म्हणजे त्यांचे गिऱ्हाईक सेठजी नव्हते, राजाही नव्हता. त्यांना पोसले सरकारी शिक्षकाच्या पगाराने.

आणि ते एकटे नव्हते. महाराष्ट्रातल्या व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राच्या परंपरेतली ठळक नावे एकामागून एक आठवून पाहा. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे, आणि ती एकेचाळीस वर्षे म्हणजे १८९० ते १९३१ असा जे. जे.तला विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून काळ. हळदणकरांनी १९०८ साली स्वतःचे चित्रकलेचे वर्ग काढले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात गर्दी खेचणारी त्यांची दिवा घेतलेली स्त्री सगळ्यांना ठाऊक आहे, पण वर्षानुवर्षे रोजचा खर्च भागवायला वर्गच होते. समुद्र रंगवणारे प्रल्हाद अनंत धोंड, ज्यांच्या ‘रापण’ या पुस्तकात जे. जे.चे जग इतके जिवंत झाले आहे, तेही तिथले शिक्षक आणि पुढे अधिष्ठाता. संभाजी कदम शिक्षक. बाबुराव सडवेलकर शिक्षक आणि नंतर कला संचालक. केवळ मागणीवर जगलेले गोपाळ देऊसकरांसारखे चित्रकार झाले, त्यांचे बालगंधर्व पुण्याच्या रंगमंदिरात पुरुषवेषात आणि स्त्रीवेषात समोरासमोर उभे आहेत. पण अशी माणसे थोडी. या परंपरेचा खरा आश्रयदाता महिन्याच्या एक तारखेचा पगार होता असे माझे ठाम मत आहे. ते कलेच्या इतिहासात पुरेसे लिहिले जात नाही याचे वाईट वाटते.

पगारामुळे पळशीकरांच्या हातात काय आले? व्यक्तिचित्र गिऱ्हाइकाच्या तावडीतून सुटले. पैसे देऊन बसलेल्या माणसाला तो बरा दिसायला हवा असतो, त्याची पगडी, अंगठी, शालीचा जर हवा असतो. वर्गातल्या चौरंगावर बसलेल्या मॉडेलला यातले काहीही नको असते. तिथे चेहरा हा अभ्यासाचा विषय होतो. मुलांसमोर व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक देणे ही जे. जे.ची मोठी परंपरा, आणि पळशीकर तिच्यातले मोठे नाव. एका बाजूला पाश्चात्त्य पद्धतीचे पक्के रेखांकन आणि छायाप्रकाश, दुसऱ्या बाजूला भारतीय लघुचित्रांची रेषा, तांत्रिक आकृती, अक्षरांचे आकार. या दोन्हींचा विचार ते एकाच वेळी करत होते. विद्यार्थ्यांना त्यांनी नाक कसे काढायचे एवढेच शिकवले असते तर ते उत्तम ड्रॉइंगमास्तर ठरले असते. त्यांनी चित्र म्हणजे काय हा प्रश्न त्यांच्या हाती दिला. तैयब मेहता, अकबर पदमसी आणि नंतरच्या पिढीत प्रभाकर कोलते यांच्या घडणीत पळशीकरांचा वाटा आहे. या तिघांची चित्रे शेजारी ठेवली तर एका गुरूचे शिष्य म्हणून ती ओळखू येणार नाहीत. शिक्षकाची याहून मोठी थोरवी मला सांगता येत नाही.

किंमतही त्यांनी मोजली. शिकवणारा माणूस स्वतःची चित्रे उरलेल्या वेळात काढतो, प्रशासनात शिरला की तो वेळही आटतो. शिष्यांची चित्रे आज लिलावांत कोट्यवधींना जातात आणि गुरूचे नाव कलाशाळेबाहेरच्या फारच थोड्या माणसांना माहीत असते. साकोलीच्या चौकात उभे राहून विचारून पाहा.

याच जंगलपट्ट्याची दुसरी कहाणी सय्यद हैदर रझांची. मंडला जिल्ह्यातले बाबरिया हे त्यांचे जन्मगाव, साल १९२२, वडील जंगल खात्यात. तेव्हा मंडला आणि भंडारा एकाच प्रांतात होते. रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला गेले. तिथे त्यांनी एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची, पावसाची जलरंगातली चित्रे काढली. म्हणजे निसर्गचित्रकाराला पोसणारे इथेही दुसरेच काम होते. १९५० साली ते फ्रान्सला गेले. आयुष्याचा मोठा काळ परदेशात काढलेल्या या माणसाच्या चित्रांत अखेरपर्यंत जंगलातला काळोख आणि नर्मदा येत राहिली. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे, साकोलीचे पळशीकर, बाबरियाचे रझा. मध्य प्रांताने सात-आठ वर्षांच्या अंतरात ही तीन माणसे जन्माला घातली आणि तिघांनाही मुंबईचे तिकीट काढावे लागले.

लाखनीच्या भाऊ समर्थांनी मुंबईचे तिकीट काढले नाही. ते नागपुरात राहिले. हिंदी कवी मुक्तिबोध नागपुरात होते त्या काळात भाऊंचा त्यांच्याशी स्नेह जुळला, आणि मराठीइतकेच हिंदी साहित्याचे जगही त्यांचे झाले. चित्रकार समाजाला काय देणे लागतो हा प्रश्न त्यांनी चित्रांतून विचारला आणि लेखांतूनही. मला त्यांचे महत्त्व त्यांनी निवडलेल्या जागेत दिसते. गॅलरी, समीक्षक, संग्राहक हे सगळे शेकडो किलोमीटरवर मुंबईत असताना जवळच्या शहरात राहून काम करत राहायचे, तर नाव उशिरा होते किंवा होतच नाही. त्यांची चित्रे पाहिलेल्यांपेक्षा त्यांच्याबद्दल ऐकलेल्यांची संख्या आजही जास्त आहे.

पण या दोघांच्या पलीकडे एक तिसरा माणूस आहे, ज्याला ‘चित्रकार’ म्हणत नाहीत, ‘पेंटर’ म्हणतात. जिल्ह्यात राहिला तो हाच. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, धान घरात आलेले असते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. गाव जागे राहते. या रंगभूमीला पडदे लागत. जंगल, राजवाडा, रस्ता, दिवाणखाना. जंगलाचा पडदा म्हणजे वीस-पंचवीस फूट रुंदीचे निसर्गचित्र, आणि ते कंदिलाच्या, गॅसबत्तीच्या आणि नंतर हॅलोजनच्या उजेडात दुरून खरे वाटावे लागे. जवळून पाहिले तर नुसते फटकारे. दुरून काय दिसेल याचा अंदाज घेऊन जवळून रंगवणे ही साधी गोष्ट नाही, थोर निसर्गचित्रकारही आयुष्यभर हेच शिकतात. माझा आग्रह आहे की भंडारा जिल्ह्याच्या निसर्गचित्राचा इतिहास लिहायचा तर तो या पडद्यांपासून लिहावा.

कोल्हापूरकडे इथेही एकदा पाहिले पाहिजे. आनंदराव आणि बाबुराव या मिस्त्री बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. आनंदराव अकाली गेले, बाबुराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि ‘पेंटर’ हा शब्दच त्यांच्या नावापुढे मानाने चिकटला. व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले. हातातले कसब झाडीतल्या पडदा रंगवणाऱ्यातही असेल, पण त्याच्या मागे ललितकलादर्शसारखी नाटक कंपनी नव्हती, शाहू महाराज नव्हते, पुढे सिनेमाचा कारखाना नव्हता. हंगाम संपला की तो दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती आणि लग्नातली ‘शुभविवाह’ची कमान रंगवायचा. फ्लेक्सचे यंत्र आले आणि हेही काम दोन-तीन वर्षांत संपत गेले. अनेक पेंटरांनी मग संगणक शिकून फ्लेक्सचीच दुकाने टाकली. त्यांना दोष देणारा मी कोण?

या जिल्ह्यात व्यक्तिचित्राला मात्र एक मागणी उगवली. ती ना राजाकडून आली ना सेठकडून. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. ते हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इथून साठ-सत्तर किलोमीटरवर नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत बाबासाहेब गेले. वस्त्यावस्त्यांतून विहार उभे राहिले, घराघरात बुद्ध आणि बाबासाहेब आले. छापील तसबिरी होत्याच, पण विहाराच्या भिंतीवर, समाजमंदिराच्या दर्शनी भागावर, जयंतीच्या फलकावर हाताने काढलेला चेहरा हवा असे. गावच्या पेंटरने छायाचित्रावर चौकोन आखून, ग्राफ टाकून तो चेहरा मोठा केला. चष्म्याच्या काचेतला उजेड, निळा कोट, कपाळाची रुंदी.

महाराष्ट्राच्या व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात या चेहऱ्यांना प्रकरण नाही, ही मोठी उणीव आहे. तैलचित्र ज्याला परवडते त्याचाच चेहरा भिंतीवर राहायचा, हा नियम शतकानुशतके चालला. इथे ज्यांच्या सात पिढ्यांचे चित्र कोणी काढले नव्हते त्यांनी वर्गणी काढून आपल्या माणसाचे चित्र काढून घेतले. त्यांतले पुष्कळसे चेहरे रेखांकनाच्या दृष्टीने कच्चे आहेत. डोळे जरा वर गेलेले, मान लहान. तरीही बाबासाहेब पाहताक्षणी ओळखू येतात, आणि व्यक्तिचित्राकडून बघणारा पहिल्यांदा तेच मागतो. पूर्व विदर्भातली अशी भिंतीवरची चित्रे छायाचित्रांत तरी नोंदवून ठेवली पाहिजेत. घर पाडून नवे बांधताना, विहाराला फरशी लावताना ती रोज जात आहेत.

आता आजचे. वास्तववादी व्यक्तिचित्र संपले असे गेली पन्नास वर्षे कोणी ना कोणी म्हणत आले आहे. पण २००६ साली वासुदेव कामतांनी काढलेल्या, त्यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला. सुहास बहुलकर चित्रेही काढतात आणि जुन्या चित्रकारांची चरित्रेही चिकाटीने नोंदवून ठेवतात. पुण्याच्या मिलिंद मुळीकांची जलरंगाची प्रात्यक्षिके आणि पुस्तके खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचली आहेत. साकोलीतला मुलगा आज मोबाइलवर जगातल्या कुठल्याही चित्रकाराचा हात चालताना पाहू शकतो. पळशीकरांना ज्यासाठी गाव सोडावे लागले त्यातला बराच भाग आता खिशात आहे. पण मोबाइल हात दाखवतो, पगार देत नाही.

तो पगार देणारी जागा होती शाळेतला चित्रकला शिक्षक. धुरंधरांपासून पळशीकरांपर्यंत जी गोष्ट मुंबईत घडली तिचीच लहान आवृत्ती जिल्ह्याच्या शाळांत घडत होती. ए.टी.डी. ही चित्रकला शिक्षकाची पदविका घेतलेला एक माणूस, हायस्कुलातली कायम नोकरी, रविवारी सायकलला बोर्ड बांधून तलावाच्या पाळीवर. त्यांच्यातले सगळे मोठे चित्रकार झाले नाहीत, पण गावात चित्रकार नावाचा प्राणी असतो, तो दाढी करतो, बाजारात भाजी घेतो आणि रंगही कालवतो, हे मुलांना दिसायचे. माझ्या पिढीतल्या कितीजणांनी खरा ब्रश पहिल्यांदा अशाच एखाद्या सरांच्या हातात पाहिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कलाशिक्षणासाठी ‘अंशकालीन’ निदेशक अशी तरतूद झाली, तीही या तीन वर्गांत मिळून शंभराहून जास्त मुले असतील तर. झाडीतल्या लहान गावांत तीन वर्गांची मिळून शंभर मुले कुठून आणायची? आणि तासांवर बोलावलेला, मानधनावरचा माणूस रविवारी तलावावर का जाईल? तो दुसरे काम शोधायला जाईल.

शासनाच्या चित्रकला ग्रेड परीक्षा मात्र जोरात आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. दहावीला वाढीव गुण मिळतात, ‘अ’ श्रेणीला सात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन, म्हणून पालकही मुलांना बसवतात. हे चांगलेच आहे. निदान त्या निमित्ताने रंगपेटी घरात येते. पण पेपर पाहा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून काढायचा पेपर नाही. उघड्यावर बसून समोरचे झाड काढायचा पेपर नाही. ज्या दोन गोष्टींवर महाराष्ट्राच्या चित्रकलेने शंभर वर्षे नाव कमावले, त्या दोन्ही शाळेतल्या मुलाच्या वाट्याला परीक्षेत येतच नाहीत. हजारो मुलांचे बसणे, कागद, पर्यवेक्षण यांच्या सोयीसाठी हे असे असणार, हे मला समजते. तरी इंटरमिजिएटला चेहऱ्याचा एक साधा पेपर घालता येईल. एका मुलाने बसायचे, दुसऱ्याने काढायचे, मग जागा बदलायच्या. त्याला ना मॉडेलचा खर्च, ना साहित्याचा.

जिल्हा नियोजनाच्या पैशांतून मामा तलावांचे गाळ उपसतात, पाळी दुरुस्त करतात. त्या कामांत प्रत्येक तालुक्यातल्या एका पगारी कलाशिक्षकाला वर्षभर तलावांची चित्रे काढायचे काम देता आले, तर दहा वर्षांत या जिल्ह्याकडे पाण्याचा असा चित्रसंग्रह होईल की बघायला लोक मुंबईहून येतील. ही मागणी मी गंभीरपणे करतो आहे. आबालालला कोटितीर्थासाठी जे मिळाले तेवढेच मी मागतो आहे.

परीक्षा पावसाळा सरत आला की होतात. तेव्हा धान पोटरीत असते, तलाव तुडुंब, कमळे उमललेली, आणि पाऊस थांबल्यावरचा तो धुतलेला उजेड वर्षात फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. वर्गाच्या खिडक्या मुलांचे लक्ष जाऊ नये म्हणून अर्ध्या लावलेल्या असतात. टेबलावर निळा कपडा पसरलेला, त्यावर एक काचेची बाटली, दोन संत्री आणि भंडाऱ्याचाच पितळी तांब्या. तांब्याच्या पोटावर खिडकीच्या उघड्या फटीतून आलेला तलाव पडलेला असतो, एवढासा, वाकडा, निळा-हिरवा. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी तो काढते आहे.